खांद्यावरचे अंक

मी बोलतोय, आणि आज मला मध्येच कुणी थांबवू नये. तीस वर्षं मी तोंड दाबून जगलो. कामच तसं होतं. आत ठासून भरलेलं सांभाळायचं आणि कुणी व्हॉल्व्ह उघडेल तेवढंच बाहेर सोडायचं. आता माझ्या आत काही उरलेलं नाही, म्हणून सगळं सांगून टाकतो.

मी आर्गन गॅसचा बाटला. कागदोपत्री सिलिंडर, पण भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कुठल्याही शेडमध्ये विचारा, बाटलाच म्हणतील. माझे थोरले भाऊ माणसाच्या खांद्याला लागतात. मी जेमतेम कंबरेएवढा, एका माणसाला उचलून साइटवर नेता यावा म्हणून बनवलेला.

माझा जन्म १९९४ सालचा, गुजरातेतल्या एका कारखान्यातला. लालबुंद तापलेला पोलादाचा ठोकळा होतो मी. वरून प्रचंड दाबाचा खिळा उतरला आणि एका दमात मी पोकळ झालो. माझ्या अंगावर कुठेही सांधा नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्यांच्या सांध्यांची राखण करायची होती त्याच्या स्वतःच्या अंगाला एकही सांधा नसावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मग एका कारागिराने माझ्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या गोल उतारावर, हातोड्याने अंक ठोकले. माझा नंबर, वजन, मी किती दाब सोसू शकतो तो आकडा आणि माझी परीक्षा झाली ती तारीख. तो माझा जन्मदाखला. पुढे दर पाच वर्षांनी मला पाण्याने भरून, दाब देऊन तपासायचं आणि पास झालो तर नवी तारीख ठोकायची, असा नियम. हे अंक विसरू नका. माझी सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे.

पहिल्यांदा गॅस भरला त्या दिवशी मी हबकलो. तुम्ही श्वासात घेता त्या हवेच्या शंभर भागांत आर्गनचा जेमतेम एक भाग. तेवढा वेचायला हवा गोठवतात, तिचं पाणी करतात आणि त्यातून हा एक भाग निराळा काढतात. आणि या गॅसचा गुण काय? तो काहीच करत नाही. जळत नाही, जाळत नाही, कुणाशी जुळत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. एवढी यातायात करून माणसाने काय मिळवलं, तर काहीही न करणारी एक वस्तू!

त्याचा अर्थ मला पिंपरीच्या एका शेडमध्ये कळला. वेल्डरने टॉर्चचं, म्हणजे हातातल्या वेल्डिंगच्या नळीचं, बटण दाबलं. माझ्यातून गॅस सळसळत गेला आणि टोकाशी आर्कचा उजेड पेटला. तो उजेड उघड्या डोळ्याने बघता येत नाही. पोलाद त्याच्यापुढे पाण्यासारखं होतं. अशा वितळलेल्या धातूला साधी हवा जरी लागली तरी तो जळतो, काळा पडतो, त्याला भोकं पडतात. म्हणून आर्गन त्याच्याभोवती उभा राहतो. हवेला आत येऊ देत नाही. धातू थंड झाला की निघून जातो. सांध्यात त्याचा अंशही राहत नाही. मी हजारो वेळा हे बघितलं आणि एकदाही मला त्याची सवय झाली नाही.

मी या पट्ट्यात आलो तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार होता. मग कारखाने आले, रस्ते रुंद झाले, पुन्हा अरुंद वाटायला लागले. मी सायलेन्सर जोडले, दूधडेअरीचे पाइप जोडले, इस्पितळांच्या खाटा जोडल्या. दर पाच वर्षांनी परीक्षा दिली. शेवटची दिली सप्टेंबर २०१३ मध्ये.

त्यानंतर ज्या शेडमध्ये होतो ती बंद पडली. मला मागच्या अंगणात टाकलं आणि माझा व्हॉल्व्ह उघडा राहिला. रिकामा बाटलासुद्धा बंद करायचा असतो, तळाला थोडा गॅस राखायचा असतो, नाहीतर ओली हवा आत शिरते. हे कुणाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. पाच पावसाळे माझ्या आत घाम साचत राहिला. पोलादाला आतून गंज चढत होता आणि बाहेरून मी धडधाकट दिसत होतो.

भंगाराच्या लॉटमधून मला रणजीतने उचललं. रणजीत भोसरीचा, जुन्या शेतकरी घराण्यातला. जमिनी गेल्यावर त्याने गॅसचं गोदाम टाकलेलं. माणूस गोड. गिऱ्हाइकाला आधी चहा, मग धंदा. त्याच्या गोदामात एक रिवाज होता. खंडेनवमीला सगळ्या हत्यारा-यंत्रांची पूजा, आणि पूजेआधी सगळ्या बाटल्यांना नवा रंग. आर्गनवाले निळे, ऑक्सिजनवाले काळे. रंगारी ब्रश भरून मारायचा, मानेपासून बुडापर्यंत. दर वर्षी एक थर. झेंडूची माळ घालून आम्ही ओळीत उभे राहायचो तेव्हा नवरदेव वाटायचो. फक्त खांद्यावरचे अंक थरांखाली बुजून गेले होते. रणजीतनेही ते वाचायचं केव्हाच सोडून दिलं होतं. रंग ताजा म्हणजे बाटला ताजा, असं त्याला खरोखर वाटायचं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. मनापासून न वाचणाऱ्याला कसं पकडायचं?

तिथून मला आम्रपालीने नेलं.

आम्रपाली कासारवाडीची. वय एकोणतीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी. वडील किसन, परभणीकडून तरुणपणी इथे आलेले, चौतीस वर्षं कंत्राटावर वेल्डर. रेल्वे फाटकापलीकडे त्यांचं बैठं घर, मागे पत्र्याची शेड. मुलीच्या हातात टॉर्च येऊ नये म्हणून किसनने तिला शाळा-कॉलेज शिकवलं, आणि शिकून नोकरीला लागल्यावर तिने पहिली मोठी खरेदी कशाची केली, तर वेल्डिंग मशीनची! पोटासाठी नव्हे. हौस म्हणून, शनिवार-रविवारी. तिला बापाचा हात शिकायचा होता.

घाई एवढ्याचसाठी होती की किसनचे डोळे गेले होते, पुरते नाही, पण धूसर झाले होते. डिसेंबरात ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर आर्कचा उजेड जन्मात बघायचा नाही. म्हणजे शिकवायला दोन महिने. किसनने अटच घातली होती.

"ऑपरेशनपर्यंत तुझा हात बसला तर बसला. नाही बसला तर मशीन विकायची. अर्धवट वेल्डर घरात नको मला."

आता मला आणायच्या आधी काय घडलं ते ऐका. हे मला शेडमधल्या बोलण्यातून कळलं.

आम्रपालीने पहिला फोन एका मोठ्या वितरकाला केला. पलीकडच्याने विचारलं, कंपनीचं नाव? घरीच करते. जीएसटी? नाही. महिन्याला किती बाटले? तीन महिन्यांतून एक. पलीकडे कुणीतरी हसलं आणि फोन ठेवला गेला. चार ठिकाणी हेच. घरच्या घरी, हौसेने काही करू पाहणाऱ्या माणसाला या एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात एक बाटला मिळू नये? हजारो बाटले रोज ट्रकने धावतात इथे! ज्यांनी हा पट्टा उभा केला त्यांच्या मुलीला तुम्ही हसता?

पाचवा फोन चाकण-राजगुरुनगर रस्त्यावरच्या एका लहान डेपोत लागला. उचलला तो तेजस्विनी नावाच्या बाईंनी. त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी जे विचारलं त्याने आम्रपालीच्या कपाळावरची शीर उडाली.

"राहायला कुठं हाय तुमी?"

"कासारवाडी."

"कासारवाडीत कुठं? कुठल्या वस्तीत? घर कसलं हाय? घरात कोण कोण असतं?"

"तुम्हाला गॅस द्यायचाय ना? घराशी काय करायचंय?"

"घर बघितल्याबिगर मी बाटला देत न्हाई."

आम्रपालीने फोन कापला. हे प्रश्न तिच्या ओळखीचे होते. भाड्याने घर बघताना, कॉलेजात, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर. राहता कुठे? कुठल्या वस्तीत? म्हणजे पुढचा प्रश्न न विचारता उत्तर मिळतं. किसनला सांगितलं तेव्हा तोही एवढंच म्हणाला, "समजलं. राहू दे त्या बाईला तिच्या घरी."

रणजीतने मात्र काहीच विचारलं नाही. "ताई, टेन्शन नका घेऊ. कागद नको, काही नको. हा छोटा घेऊन जा. आपलाच माल आहे, बघा कसा चकाचक!"

आणि तिने मला निवडलं. रंग बघून.

घरी उतरवलं तेव्हा आम्रपालीची आई चतुराबाई दारात उभी होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "निळाय! छान. आपल्या घरात शोभतो."

"अगं, आर्गन निळाच असतो," किसन म्हणाला.

"मग त्याला अक्कल आहे म्हणायची."

मी त्या घरात आलो तो असा, मानाने. आणि पहिल्याच शनिवारी त्या घराचा घात करायला लागलो.

आम्रपालीने स्टीलच्या पाइपाचे दोन तुकडे जुळवले, मुखवटा खाली ओढला, आर्क पेटवला. तिचा हात बघून मी थक्क झालो. नवशिक्यांचे हात मी शेकड्याने बघितलेत, ते कोंबडीसारखे टोचत चालतात. हिचा हात धिमा होता, श्वास धरून पुढे सरकणारा. पण सांधा थंड झाला आणि तिने मुखवटा वर केला, तर समोर काळंकुट्ट, भोकाभोकांचं काहीतरी. चांगला सांधा माशाच्या खवल्यांसारखा दिसतो, एकावर एक, चांदीच्या रंगाचा. हा जळक्या भाकरीसारखा होता.

किसनने बोट फिरवून बघितलं. "हात घाई करायलाय तुझा, माय."

"पुन्हा करते."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. टॉर्च लांब धरलीस, किसन म्हणाला. मग तिरपी धरलीस. मग श्वास सोडलास. तीन शनिवार, तीन रविवार. त्या पोरीने टॉर्च धरायचे सगळे प्रकार करून बघितले. आणि प्रत्येक वेळी माझ्यातून आर्गनबरोबर ओल जात होती आणि तिच्या सांध्यात भोकं पाडत होती. मला ओरडून सांगायचं होतं, हात चांगला आहे हो, मी सडलोय! पण व्हॉल्व्हमधून सळसळीखेरीज काही बाहेर पडेना.

चौथ्या रविवारी तिने टॉर्च खुंटीला अडकवली.

"बाबा, राहू द्या. नाही माझ्या हातात ते. मशीन विकून टाकू."

मशीन विकायचा शब्द किसनचाच होता, आणि तो आता त्याच्यावरच उलटला होता. चतुराबाई शेडच्या दारात डाळीचं ताट घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चौतीस वर्षं लोकांच्या पोरांना शिकवलं. एकाला सुद्धा हात नाही असं कधी म्हणाला नाहीत. आपल्या पोरीलाच बरं म्हणता!"

"मी म्हणालो का? सांधा म्हणायलाय."

"मग दाखवा तुम्ही करून. सांधा काय म्हणतो बघू."

डॉक्टरांनी ऑपरेशनआधीही डोळे जपायला सांगितलं होतं. त्याचे हातही आता थोडे कापायचे. पण किसन उठला. मुखवटा चढवला. टॉर्च हातात आली आणि, मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे मला जे काही डोळे आहेत त्यांनी बघितलं, कंप थांबला. चौतीस वर्षं त्या मनगटात कुठेतरी दबा धरून बसली होती, ती उठून उभी राहिली. आर्क पेटला तो एका रेषेत गेला. मी इतक्या कारखान्यांत फिरलो, पण असा हात दोन-तीनदाच बघितला असेल.

सांधा थंड झाला. किसनने मुखवटा काढला, डोळे बारीक केले, दिसेना, म्हणून बोट फिरवलं. ते बोट भोकांवर अडकलं. त्याने पुन्हा फिरवलं.

"आमू, रंग कसा आहे?"

"काळा, बाबा."

"माझ्या हातानंबी?"

तीन आठवडे त्याने पोरीच्या हाताला नावं ठेवली होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मग तो हळूच माझ्याकडे वळला. पाना उचलला आणि माझ्या पोटावर एक ठोका दिला.

निरोगी बाटला वाजतो. घुमतो. मी 'ठप्प' केलं, मातीच्या भांड्यासारखं.

"खडू आण," किसन म्हणाला. "आणि तारेचा ब्रश."

आम्रपालीने माझा खांदा घासला. एक निळा थर, त्याखाली दुसरा निळा, तिसरा, पाचवा. पोलाद दिसल्यावर तिने त्यावर खडू आडवा फिरवला. आजूबाजूचं पांढरं झालं आणि खोलात बसलेले अंक काळे उठून दिसले. ती एकेक वाचत गेली. नंबर. वजन. दाब. आणि शेवटची तारीख.

"सप्टेंबर तेरा."

"पुढे बघ."

"पुढे काही नाही, बाबा."

अकरा वर्षं. चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोचा दाब पोटात धरून मी, गंजलेला, त्या माणसांच्या घरामागे उभा होतो. चतुराबाईने डाळीचं ताट उचललं आणि ती चार पावलं मागे सरली.

आम्रपालीने रणजीतला फोन लावला.

"ताई, असं कसं होईल? रंग बघा की, आत्ताच मारलाय!"

"रंग कोण विचारतंय, भाऊ? तारीख सांगा."

"तारीख... अहो, आजवर खांदा घासणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बदलून देतो की दुसरा. त्यात काय!"

"दुसऱ्याची तारीख काय आहे?"

"बघावी लागेल," रणजीत म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

फोन ठेवून आम्रपाली पायरीवर बसली. मग तिने मोबाइलमध्ये तो जुना नंबर काढला. चाकणचा. किसनकडे बघितलं. किसन म्हणाला, "लाव. घर बघायचंय म्हणती ना? बघू दे. आपण काय लपवायलो?"

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीबाई टेम्पोतून उतरल्या. पंचेचाळिशीच्या, काष्टा नव्हे, साधा पंजाबी ड्रेस, पायात मात्र लोखंडी टोकाचे बूट. शेडच्या दारातूनच म्हणाल्या, "आधी पानी द्या बाई. चाकणपास्नं ट्रॅफिकमधी घसा वाळला."

आम्रपालीने तांब्या-भांडं पुढे केलं. ती त्या बाईंच्या हाताकडे, ओठांकडे बघत होती. मला कळत होतं ती काय बघते आहे. तेजस्विनीबाईंनी भांडं तोंडाला लावून गटागटा रिकामं केलं, परत पुढे केलं, "आजून," म्हणाल्या, आणि दुसरं पीत असतानाच त्यांची नजर शेडच्या भिंतींवरून फिरायला लागली.

"खाली जाळी न्हाई?"

"वर खिडकी आहे की."

"वरची काय कामाची? आर्गन जड असतो. खाली बसतो. वास न्हाई, रंग न्हाई. गळती झाली तर बंद खोलीत मानूस बसल्या जागी गुदमरतो, त्याला कळतबी न्हाई. तळमजला हाय, बरंय. म्हातारं, लेकरू झोपतं का हितं? न्हाई? बरं. साखळी कुठंय? ह्यो असाच उभा करताय, मोकळा?"

किसन दचकला. त्यालाही ते सुचलं नव्हतं. कारखान्यात साखळी आधीच लावलेली असायची.

"माझ्या सासऱ्यांचा, सोपानरावांचा, पाय असाच गेला," त्या म्हणाल्या. "एका गिऱ्हाइकाच्या घरी. बाटला आडवा झाला, मान तुटली आन् उडाला तोफेवानी. भिंत फोडून गेला. तवापास्नं घर बघितल्याबिगर एकबी देत न्हाई मी. गिऱ्हाईक गेलं तर गेलं."

आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं, तुम्ही वस्ती विचारताय."

तेजस्विनीबाईंना क्षणभर उलगडलं नाही. मग उलगडलं. भांडं त्यांच्या हातातच राहिलं.

"लोक विचारत्यात," त्या सावकाश म्हणाल्या. "आमच्या गावातबी विचारत्यात, माझ्या घरातबी विचारत्यात. खोटं कशाला बोलू? पर मी भिंत विचारत हुते, बाई."

"फोनवर ते कळत नाही."

"न्हाई कळत. बरोबर हाय तुमचं. इथून पुढं आधी भिंतच विचारीन."

मला त्या पोरीची चूक वाटली नाही. आयुष्यभर ज्या दाराने दगड आले त्या दाराची कडी कुणीही आधी लावणारच. पण त्या एका गैरसमजाने ती खांदा वाचणाऱ्या बाईला सोडून रंग लावणाऱ्या माणसाकडे गेली होती. जिने उलटतपासणी घेतली तिलाच काळजी होती. ज्याने काही विचारलं नाही त्याला गोडव्यापलीकडे काही देणंघेणं नव्हतं. गॅसवाला निवडताना हे लक्षात ठेवा.

मग त्या माझ्याजवळ आल्या. खडूचे अंक वाचले. बाटला कुणाकडचा ते विचारलं आणि जाग्यावरूनच फोन लावला.

"रणजीत, चाकणची तेजस्विनी बोलते. तुजा एक बाटला पाण्याच्या परीक्षेला नेते. पास झाला तर रंग माझ्या पैशानं देते. नापास झाला तर तुज्या गोदामातल्या समद्यांचे खांदे तू घासायचे. तू सोता. बोल, हाय कबूल?"

पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "मर्द हायेस."

मी परीक्षेला गेलो. भीती वाटली का? वाटली. पण वाचला गेल्याचं जे समाधान होतं ते भीतीहून मोठं होतं. माझ्यातला गॅस मोकळा सोडला, पाण्याने काठोकाठ भरलं आणि दाब चढवला. चांगलं पोलाद दाबाखाली केसभर फुगतं आणि दाब काढला की होतं तसं होतं. मी फुगलो. दाब काढला. मी परत आलो, पण पुरता नाही आलो. तपासनिसाने आकडा लिहिला, माझ्याकडे बघितलं आणि फुली मारली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारल्याचं मला स्पष्ट आठवतं.

नापास बाटला कुणी पुन्हा भरू नये म्हणून त्याचे दोन तुकडे करतात. माझे केले. रणजीतने शब्द पाळला. पुढचे दोन दिवस तो गोदामात तारेचा ब्रश घेऊन बसला होता, असं टेम्पोवाला ज्योतीराम सांगत होता. सतरा बाटले बाजूला निघाले म्हणे. "शेठच्या हाताला फोड आलेत राव," ज्योतीराम हसत म्हणाला, "पण आता प्रत्येक गिऱ्हाइकाला खांदा दाखवतोय."

माझा खालचा अर्धा तुकडा आम्रपालीने मागून घेतला. तेजस्विनीबाईंनी दिलेल्या नव्या बाटल्यासोबत टेम्पोतून मी पुन्हा कासारवाडीला आलो. शेडला खाली जाळी बसली होती, भिंतीत दोन साखळ्या ठोकल्या होत्या. नवा बाटला साखळीत उभा राहिला. रंग जुना, पोपडे आलेला, आणि खांद्यावर याच वर्षाची लखलखीत तारीख.

आम्रपालीने पाइपाचे दोन तुकडे जुळवले. तोच हात, तीच पकड. आर्क विझला, मुखवटा वर झाला, आणि कुणी काही बोलायच्या आधी चतुराबाईच म्हणाली, "अगं बाई! चांदीची साखळीच ही."

ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. किसन म्हणाला, "आता ह्याला कडी लाव." ह्याला म्हणजे मला. आतला गंज घासून मला स्वच्छ केलं होतं, पालथं घातलं होतं. आम्रपालीने माझ्या बुडावर कडी धरली.

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सांध्यांची राखण केली होती. तो उजेड माझ्या स्वतःच्या अंगावर कधी आला नव्हता. आला तेव्हा मला वाटलं, जळलो. माझं पोलाद पाणी झालं. आणि तेवढ्यात भोवती ते उभं राहिलं. काहीही न करणारं, कुणाशीही न जुळणारं, वास-रंग नसलेलं. बाहेरची हवा माझ्याकडे धावत होती आणि ते तिला येऊ देत नव्हतं. मी जन्मभर पोटात काय वाहून नेत होतो ते मला त्या क्षणी कळलं. एवढी माया मी कधी अनुभवली नव्हती. मी थंड होईपर्यंत ते थांबलं. मग गेलं.

किसनने माझ्या अंगावरच्या सांध्यावरून बोट फिरवलं. खवले मोजत मोजत पूर्ण वळसा घातला. कुठे अडकलं नाही.

"कुणी केलं हे?"

"मी, बाबा."

"लोकांना मी केलं म्हणून सांगीन." आणि मग, डोळे पुसत, "डोळ्यात कचरा गेलाय. ऑपरेशनला सांगायला हवं."

आता मी शेडच्या दारात टांगलेला आहे. घंटा म्हणून. आर्क पेटवण्याआधी आम्रपाली मला एक ठोका देते. अंगणात हिरवा चष्मा लावून बसलेला किसन तो ऐकून तोंड भिंतीकडे फिरवतो, उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आणि पाठमोरा बसून कान देतो. डॉक्टरांनी बघायला मना केलंय, ऐकायला नाही. आर्कची सळसळ जरा बदलली की त्याचा आवाज येतो, "लांब धरलीस, माय. घे जवळ." ती जवळ घेते. शिकवणी डिसेंबरात संपणार होती. ती चालूच आहे.

वाचणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. घरात बाटला आणणार असाल तर रंगावर जाऊ नका, गोड बोलण्यावर जाऊ नका. खडू घ्या आणि त्याचा खांदा वाचा. तो बिचारा बोलू शकत नाही, त्याचं जे काही सांगणं आहे ते तिथेच कोरलेलं असतं.

थांबा. ती मुखवटा ओढते आहे. हातोडी उचलली तिने. किसनराव, फिरवा तोंड.